घासलेली वाटी

२६/१०/७६
उमरेडहून दुपारी परतलो. भाऊबीज सासरवाडीलाच झाली. दारातच कुलूप तुटून पडलेलं, कोयंडा पिळून काढलेला. आत सगळं उलथंपालथं. रेडिओ गेला, पाण्याचा पितळी गुंड गेला, माझं लग्नातलं घड्याळ, सुमीच्या दोन साड्या. मरू दे ते. पण पाळण्याखालची पत्र्याची पेटी उघडी होती अन् छबीची चांदीची वाटी त्यात नव्हती.
सुमी रडली नाही. उघड्या पेटीत हात फिरवत बसली.

२७/१०
ठाण्यात फिर्याद. जमादार म्हणे, "घरात कोणी नव्हतं ना? मग नशीब समजा." नशीब म्हणे! बाहेर येऊन शिव्या घातल्या.
वाटीची खूण विचारली. सुमी म्हणाली, "काठाले दोन दातांच्या खुणा आहेत. माह्या लेकीच्या."
"लेक कुठाय?"
मग मीच सांगितलं. मागच्या वर्षी गेली, तापानं, धंतोलीच्या दवाखान्यात. दोन वर्षांची होती. उष्टावणापासून त्याच वाटीत खायची, काठ चावायची. त्यानं सगळं ऐकून लिहिलं काय, तर "वाटी एक, चांदीची, जुनी."

१८/११
चोर धरला. किसन नाव. वाटी इतवारीतल्या एका सराफाकडे निघाली. तो म्हणतो, जुनी चांदी म्हणून घेतली, मले काय माहीत. बाकी सामान गेलं ते गेलंच.
ठाण्यात टेबलावर ठेवली होती. सुमीनं झडप घालून उचलली. जमादारानं हातातून काढून घेतली. "बाई, हा आता मुद्देमाल आहे." आपल्याच घरची वाटी अन् आपणच हात लावायचा नाही. वा रे कायदा.

१३/१२
सुपूर्तनाम्यावर वाटी मिळाली! लकडगंजच्या लाकडाच्या टालातून आज सुट्टी घेतली होती, मालक कुरकुरला, कुरकुरू दे. खटला उभा राहीपर्यंत सांभाळायची, जशी दिली तशीच, मागतील तेव्हा हजर करायची. बुडाला चिठ्ठी, पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. मी सही केली.
रिक्षात सुमीनं पदराखाली धरली होती, घर येईपर्यंत. घरी आल्यावर थोडी हसली पण.

१४/१२
टालातून आलो तर देव्हाऱ्यात वाटी लखलखतेय. उचलून पालथी केली, सील नाही.
"चोराचा हात लागला, सराफाचा लागला, पोलिसाचा लागला. तशी कशी ठेवू जी देवापुढं?"
चिठ्ठी?
"भिजून निघाली. लाख खरवडली चाकूनं."
ओरडलो. नको नको ते बोललो तिला. अक्कल काढली, माहेर काढलं. ती उभीच. मग म्हणते, "दातांवर राख नाही लावली. तिथं नुसतं बोट फिरवलं."


९/८/७७
आज साक्ष. आरोपीचा वकील सुमीला विचारतो, सील कुठे आहे?
"घासलं."
कोर्टात हसले लोक. हरामखोर.
"मग ही तीच वाटी कशावरून?" तिनं दात सांगितले. तो म्हणे, "बाजारातल्या कोणत्याही वाटीला पोचे पडतात. हे तुमच्या मुलीचेच दात, हे घराबाहेरचं कोणी सांगू शकेल?" सुमी माझ्याकडे बघत राहिली. मी तर घरातला.
वाटी कोर्टानं ठेवून घेतली.
बाहेर व्हरांड्यात किसन बसलेला. हातात बेडी, दोरी शिपायाच्या हातात. सुमीला बघून आपणहून बोलला. "बाई, वाटी तुमचीच हाये. पेटीत, फडक्यात गुंडाळली होती. बाजूले खुळखुळा होता, त्याले मी हात नाही लावला."
सुमी म्हणाली, "मंग हे आत काहून नाही सांगत गा?"
"सांगतलं तर वर्सानुवर्सं आत जाईन जी मी."
शिपायानं दोरी ओढली. खुळखुळा खरंच पेटीत आहे. छबी गेल्यापासून आम्ही तो उचललासुद्धा नव्हता.

१०/८
सकाळीच सरकारी वकिलाकडे धावलो. तो ऐकतच नाही. पोलिसाच्या ताब्यातल्या माणसानं दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. "असा कायदा नसता तर पोलिसांनी मारून मारून कोणाकडूनही वदवून घेतलं असतं," म्हणाला. बरोबर आहे त्याचं. बरोबर आहे म्हणूनच जास्त जळतंय.
अन् किसन सुटला तर? तर म्हणे, ज्याच्याकडून जप्त केली त्याला परत द्यायचा हुकूमही होऊ शकतो. म्हणजे सराफाला!

१९/८
सराफाकडे गेलो. पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, मिळाली तर मला द्या, दुप्पट भाव घ्या. तो हात झटकतो. "तुम्हाले देली म्हंजे चोरीचीच होती असं मीच कबूल केल्यासारखं होते. मले नाही पाहिजे लफडं. आली की गाळून टाकीन."
सुमीला सांगायचं नव्हतं. माझं तोंड बघूनच तिनं सगळं काढून घेतलं.

२२/८
उद्या निकाल. सकाळी अकराला.
त्या साक्षीपासून सुमी भांडी घासत नाही. नुसती विसळते. माझा डबा काळा पडलाय, टालात सगळे विचारतात. 
संध्याकाळी मला म्हणाली, "गाळली तर दात पण जातील ना हो?"
 म्हटलं, उद्या बघू वं.
तिनं पेटीतून खुळखुळा काढून देव्हाऱ्यात ठेवलाय, वाटीच्या जागी. वर धूळ तशीच. मी पुसायला गेलो तर हात धरला माझा.