मऊ भाताची अट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा वजनकाटे दुरुस्ती, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चार दिवस नुसत्या पावावर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पावावर का, ते कलम तीनमध्ये येईल. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजीवांचे मत वेगळे आहे, म्हणून तर दाखला घ्यावा लागला.

कलम १. पत्नी गेल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी स्वयंपाक शिकायला निघालो. त्यासाठी घेतलेले जाडजूड पुस्तक रद्दीवाल्याला द्यावे आणि देताना वजन करून द्यावे. त्यात पानोपानी लिहिले आहे, ‘चवीनुसार मीठ’. कोणाच्या चवीनुसार? ‘कांदा नेहमीप्रमाणे परता’. ज्याने जन्मात कांदा सोलला नाही, त्याचे ‘नेहमी’ कुठून आणायचे? चाळीस वर्षे मी अर्ध्या ग्रॅमच्या फरकासाठी व्यापाऱ्यांशी भांडलो, आणि हे लेखक ‘अंदाजे’ लिहून मोकळे! संध्याकाळच्या पाककला वर्गाचे प्रमाणपत्रही त्याच रद्दीत घालावे. तिथे बाई स्वतः शिजवत आणि आम्ही बावीस जण खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत असू. पोहणे असे शिकवले असते तर बावीसच्या बावीस बुडालो असतो.

कलम २. सोनाराचा लहान काटा वरच्या मजल्यावरच्या मावशींना द्यावा. मावशींनी कारखान्याच्या भटारखान्यात हयात घालवली. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी याच काट्यावर मीठ तोलत होतो आणि शेजारी भात करपत होता.

“अहो काटेवाले, काट्याकडे काय बघताय? पातेल्याकडे बघा!”

पहिले दोन दिवस त्यांनी मला फक्त पाणी उकळायला लावले. तिसऱ्या दिवशी एकच कांदा, मंद आचेवर, हलवायचा मीच. मीठ चिमटीने घालायचे, चाखायचे, पुन्हा घालायचे. आणि बिघडले ते टाकायचे नाही, आपणच खायचे. “आपल्या हातचा करपलेला घास पोटात गेल्याशिवाय हात सुधरत नाही,” त्या म्हणत. मी महिनाभर खारट खाल्ले. पुढेही त्यांनी कधी माझ्या भांड्यात चमचा फिरवला नाही. शिकवणे म्हणतात ते हेच. काटा त्यांना उपयोगाचा नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी तो बघून हसावे एवढ्यासाठीच देत आहे.

कलम ३. माझी दोन बर्नरची गॅसशेगडी. हिची वाटणी करता येत नाही, कारण ती सध्या माझ्या ताब्यात नाही. गेल्या आठवड्यात माझ्याकडून एक पातेले जळाले. एकच! मावशींच्या भटारखान्यात रोज दोन जळत. चिरंजीव आले, धूर पाहिला आणि म्हणाले, “बाबा, उद्या घर पेटवाल. डबा लावतो तुम्हाला.” आणि शेगडी उचलून गाडीत टाकली. सहा वर्षे मी कोणापुढे ताट पसरले नव्हते. डबा मी रोज न उघडता परत पाठवतो. ज्या गृहस्थाला चहाचे पाणी किती वेळ उकळावे हे माहीत नाही, त्याने मला आगीची भीती घालावी?

कलम ४. घर. हे चिरंजीवांना मिळेल, पण एका अटीवर.

अट का, तेही लिहितो. शेवटच्या पंधरवड्यात पत्नीला काही गिळवेना. ती म्हणाली, “अहो, जरा मऊ भात करता का?” मला येत नव्हता. मी हॉटेलातून आणला. तो मोकळा होता, मसालेदार होता. तिने दोन घास तोंडात धरले आणि माझी समजूत काढायला “छान आहे” म्हटले. एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. तिने पंचेचाळीस वर्षे मला रांधून घातले आणि मला एवढेही जमले नाही. याची लाज मी बरोबर घेऊन जाणार आहे.

मागच्या वर्षी सूनबाईंचे ऑपरेशन झाले, तेव्हा चिरंजीवांनी बारा दिवस पाकिटातले सूप आणले. तेराव्या दिवशी मी मऊ भात करून डब्यातून घेऊन गेलो. सूनबाई तो भात खाताना रडल्या आणि हे चिरंजीव दारात उभे राहून मोबाइलमध्ये ‘मऊ भात कसा करावा’ शोधत होते. माझेच थोबाड मला दारात दिसले. तेव्हा जीव जळला, तो अजून शांत नाही.

म्हणून अट अशी : चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने मऊ भात शिजवावा. सूनबाईंनी तो खावा आणि पोटभर खाल्ल्याचे या कागदाखाली सहीनिशी लिहावे. त्यांना भीड घालू नये. न जमल्यास घर सूनबाईंचे, आणि चिरंजीवांनी तिथे त्यांच्या परवानगीने राहावे.

अट माझ्या पश्चातच पुरी करावी असे बंधन नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे. बाळा, मी अजून जिवंत आहे आणि दिवसभर घरीच असतो. पहिले दहा भात बिघडतील. ते आपण दोघे मिळून खाऊ. येताना शेगडी घेऊन ये.

स्थळ : माझे स्वयंपाकघर
दिनांक : ११ मार्च, दुपारी बारा

सही : काटेवाले

साक्षीदार :
१. वरच्या मजल्यावरच्या मावशी (वाचून, समजून)
२. आमचे डॉक्टर (सही करून लगेच चिरंजीवांना फोन लावला)