कुंभकर्णाची जांभई

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. रविवारी तू फोन केलास आणि एका दमात सगळं उरकून टाकलंस. हृदयाची एक झडप खराब झालीय, ती बदलायचीय, डॉक्टर हुशार आहेत, तू आपली आपण जाऊन दाखल होणार आहेस आणि मी अजिबात यायचं नाही, कारण माझ्या बॉक्सिंग क्लबातल्या पोरांची स्पर्धा तोंडावर आलीय. मी "अगं पण" म्हणेपर्यंत तू कुठल्या कुठे पोचली होतीस. जन्मभर सोफे आणि खुर्च्या शिवलेल्या बाईने हृदयाबद्दल बोलावं तसंच बोललीस. म्हणालीस, "चौकट शाबूत आहे रे, एक स्प्रिंग गेलीय, बस." उद्या सकाळी तुझं ऑपरेशन. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडेल अशी सोय केलीय, कशी ते शेवटी सांगतो. मांडीवर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी एक गंमत ऐक. मागच्या आठवड्यात रेडिओवरची एक बाई क्लबात आली होती. जुन्या बॉक्सरांवर कार्यक्रम करतेय म्हणे. माइक माझ्या नाकापुढे धरून तिने विचारलं, हेवीवेट बॉक्सर समोर आला की भल्याभल्यांची बोबडी का वळते? मी घसा खाकरून ठरलेलं उत्तर दिलं. वजन असतं, हात लांब असतात, मान अशी जाड की ठोसा बसला तरी डोकं जागचं हलत नाही. हलक्या गटात माणूस ठोशांवर ठोसे खाऊनही उभा राहतो, आमच्यात एकच पुरतो, आणि ही गोष्ट दोघांनाही पक्की ठाऊक असते. शिवाय सावकाश चालायचं, कमी बोलायचं, नजर हलवायची नाही. बाई मान डोलवत होती. मग हळूच म्हणाली, "आणि तुमची ती जांभई?" मी आपला नेहमीसारखा गूढ हसलो. त्या जांभईचं खरं कारण जगात दोनच माणसांना माहीत आहे. त्यातला एक मी आणि दुसरी तू. मला बॉक्सिंग शिकवणारे आमचे उस्ताद बिचारे गेले, तेही न कळताच गेले.

मी लहानपणापासून अंगाने दांडगा आणि मनाने भित्रा. गल्लीतला कुत्रा भुंकला, दवाखान्यात सुई दिसली, मास्तरांनी उभं केलं, की इतर मुलं रडायची आणि मला जांभया यायच्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. कविता म्हणायला उभा राहिलो की तोंड उघडायचं ते जांभईसाठीच. त्यापायी किती वेळा कान पिळून घेतले असतील! बाबा गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मी भिंतीला लागून बसून जांभया देत होतो. काका सगळ्यांसमोर ओरडले, "बाप गेला आणि या ठोंब्याला झोप येतेय!" तू तरी तेव्हा केवढीशी होतीस! शाळेचा फ्रॉक अंगावर, डोळे सुजलेले. पण तू काकांपुढे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "त्याला झोप नाही आली, तो घाबरलाय." मग तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, हलकेच माझ्या कानात म्हणालीस, "झोप आली का रे, ढब्बू? मग टेक." आणि मी तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेव्हापासून ती आपली भाषाच झाली. झोप आली म्हणजे भीती वाटतेय, टेक म्हणजे मी आहे ना. तुला ते कसं कळलं, कोणी शिकवलं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच तायांना कळत असेल.

मग तू शाळा सोडून सोफ्यांच्या कारखान्यात शिवायला लागलीस. शाळा सुटली की मी तिथेच. तुझ्या मालकाने माझ्या वजनाचा बरोबर उपयोग शोधून काढला होता. नवा सोफा तयार झाला की हाक यायची, "ए ढब्बू, बस बघू, काही बोचतंय का?" गिऱ्हाइकाच्या आधी प्रत्येक सोफ्यावर मी टेकून बघितलंय. माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी तीच, आणि खरं सांगू, त्यासारखी सुखाची पुन्हा मिळाली नाही. उस्ताद तिथेच भेटले. क्लबातल्या बाकांना रेक्झिन चढवून घ्यायला आले होते. मी तिघांचा सोफा पाठीवर घेऊन जिना चढत होतो. ते बघतच राहिले. त्यांनी तुला विचारलं, "हा मुलगा मला देता का?" तू दोरा दाताने तोडलास आणि म्हणालीस, "देत नाही. संध्याकाळपुरता नेऊन आणा."

माझे पहिले ग्लव्हज क्लबातले टाकाऊ होते. तू तुझ्या त्या वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने ते असे शिवलेस की चामडं फाटलं पण शिवण उसवली नाही. आणि माझा तो गाऊन! कुणा गिऱ्हाइकाने रंग आवडला नाही म्हणून नाकारलेलं मरून मखमली कापड, आत पडद्याचं अस्तर. दुसरे बॉक्सर चकचकीत रेशमी गाऊन घालून नाचत यायचे. मी यायचो तो असा जड पावलांनी, कारण त्या गाऊनमध्ये नाचणं शक्यच नव्हतं. पहिल्याच मोठ्या सामन्याला मागून कोणीतरी ओरडलं होतं, "अरे, सोफा चालत आला!" सगळा हॉल हसला होता, आणि सगळ्यात मोठ्यांदा तू.

तो सामना घणाबरोबरचा. त्याचं खरं नाव कोणी घेतच नसे, उजवा हात पडला की घण पडल्यासारखा म्हणून घण. आधीच्या माणसाचा जबडा त्याने मोडला होता. मी आदल्या दिवसापासून जेवलो नव्हतो. पंचांनी आम्हाला मधोमध बोलावलं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ उभं केलं. घणाचे डोळे लाल, दात आवळलेले, पापणी हलत नव्हती. माझी पाचावर धारण बसलेली. आणि बरगड्यांच्या खालून कुठून तरी ती निघाली. मी दाबायला बघितलं. नाकपुड्या फुगल्या, कान बधिर झाले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होतीस. तू तिथूनच म्हणालीस, "टेक!" आणि मी दाबणं सोडून दिलं. अशी जांभई दिली की अगदी डोळ्यांतून पाणी आलं.

हॉलभर हशा पिकला. घणाच्या डोळ्यांत मात्र काहीतरी विझलं, ते मी इतक्या जवळून पाहिलं. घंटा झाल्यावर तो चवताळून आला, वाटेल तसे हात फिरवू लागला. लोक पुढे म्हणत राहिले की मी पहाडासारखा उभा राहिलो. कसला पहाड! माझे पाय भीतीने जागच्या जागी गोठले होते, मागे सरकायची सुद्धा ताकद नव्हती. तो दमला, त्याचा हात खाली आला, माझा उजवा बसला आणि संपलं.

त्यात उस्तादांनी भलतीच गडबड केली. त्यांना वाटलं तू इंग्रजीत बोललीस! टेक म्हणजे घेऊन टाक, मॅच खिशात टाक. "याची बहीण साधी नाही, इंग्रजीतून कोचिंग करते," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. पुढच्या सामन्यापासून कोपऱ्यातून तेच ओरडायला लागले, टेक, टेक! मग सगळा क्लब. आजही माझी पोरं रिंगमध्ये उतरली की बाकीची कंठशोष करतात, "टेक! टेक!" एकालाही ठाऊक नाही की ती सगळी मिळून त्याला डोकं टेकायला सांगतायत. मला दर वेळी हसू येतं आणि दर वेळी तू आठवतेस.

पुढचं तुला माहीतच आहे. पेपरवाल्यांनी माझा कुंभकर्ण करून टाकला. पोस्टरवर माझा आ वासलेला फोटो. समोरचे बॉक्सर म्हणे माझ्या ठोशांपेक्षा जांभईची तयारी करून यायचे. एकाने उलट मलाच जांभई द्यायचा प्रयत्न केला, त्याला ती येईना आणि बिचारा तोंड उघडं ठेवून ओशाळा झाला. एकाच्या उस्तादाने तक्रार केली की हा आमच्या माणसाचा अपमान करतो. आणि ताई, त्यातली एकही जांभई खोटी नव्हती. शेवटच्या सामन्यापर्यंत मी तितकाच घाबरायचो. शेजारणी तुला चिडवायच्या, "तुझा भाऊ झोपेत मारतो का गं?" तू तोंडात टाचण्या धरून नुसतं "हं" म्हणायचीस. एका शब्दाने तू माझं बिंग फोडलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी सोफे तपासायला परत आलो असतो.

आता घणाची गोष्ट, ही तुला नवी आहे. परवा वाचायचा चष्मा करायला एका दुकानात शिरलो आणि काउंटरमागे तो! डोक्यावरचे केस गेलेत, पण हात तेच. त्याच हातांनी त्याने माझ्या नाकावर फ्रेम बसवली, इतक्या हलक्या हाताने की मला कसंतरीच झालं. मग म्हणाला, "एक सांगू? मी तुझ्या ठोशाला घाबरलो नव्हतो. मी पण आतून थरथरत होतो. तोंडावर काही दिसू नये म्हणून दात आवळून उभा होतो. सगळी ताकद त्यातच गेली होती. आणि तू समोर येऊन तोंड उघडलंस. मला वाटलं, या माणसाला काही लपवायचंच नाहीये. तिथेच हरलो." मी काहीतरी सांगणार असं त्याला वाटलं असावं, कारण तो हसून म्हणाला, "खरं कारण सांगू नकोस हं. मी मुलांना फार रंगवून सांगतो ती गोष्ट."

दुकानातून बाहेर पडलो आणि फुटपाथवर उभा राहिलो. घण बरोबर बोलला होता. मला लपवायचं काही नव्हतं, कारण माझी भीती तू केव्हाच पाहिली होतीस आणि तिला हसली नव्हतीस. इतर बॉक्सर एकटे उतरायचे, मी पाठीमागे टेकायची जागा ठेवून उतरायचो. त्या रेडिओवाल्या बाईला हे सांगायला हवं होतं. हेवीवेटची भीती का वाटते, तर त्याला सोफे शिवणारी बहीण असते म्हणून. मी जे काही झालो ते तुझ्यामुळे झालो, ताई. आभार मानलेले तुला खपत नाहीत, पण उद्याच्या आधी मला ते एकदा लेखी मानायचे होते. मानले. आता रागव.

आणि आता रविवारचा फोन. झडप, डॉक्टर, स्प्रिंग, स्पर्धा, सगळं तू धडाधड सांगत होतीस. "तू येऊ नकोस, मी काय लहान..." इथपर्यंत आलीस आणि मध्येच तू जांभई दिलीस. भर दुपारी. मग घाईघाईने "काल झोप झाली नाही रे" म्हणालीस आणि दुसरी दिलीस. ताई, इतक्या वर्षांत मी तुला जांभई देताना कधी पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा नाही, कारखाना बंद पडला तेव्हा नाही. कुंभकर्णापासून जांभई लपवतेस होय? स्पर्धेला पोरांना घेऊन दुसरे सर जातील. मी तुझ्याच हॉस्पिटलात, खाली औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलोय. भेटायची वेळ व्हायला अवकाश आहे, वर सोडत नाहीत, म्हणून हे पत्र नर्सबाईंच्या हाती पाठवतोय. वॉर्डात गारठा असणार म्हणून बरोबर आपला सोफा आणलाय, तोच मरून गाऊन, अंगावर घ्यायला. शिवण एवढीशीही उसवलेली नाही. पहारेकऱ्याने आत्ताच मला हटकलं, म्हणाला, "साहेब, झोप आली असेल तर घरी जा." सकाळपासून माझ्या जांभया मोजणं मी सोडून दिलंय. झोप आली का गं, ताई? मलाही आलीय. मी वर आलो की जरा सरक, मला शेजारी बसायला जागा दे. मग टेक.

तुझाच,
ढब्बू