अंगठ्यापर्यंत मोजलेली उंची

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुमचा सगळा जन्म मेलेल्या माणसांतच गेला, तेव्हा तुम्हाला त्याचं फारसं काही वाटणार नाही.

कापसाची ती वाईट वर्षं. तालुक्याच्या दवाखान्यामागे चिरघर, तिथे तुम्ही शिपाई, आणि तिथलं शवविच्छेदनाचं टेबल सहसा रिकामं नसायचं. मी नागपूरला न्यायवैद्यक मानवशास्त्र शिकत होते, म्हणजे हाडांवरून माणूस ओळखायचं शास्त्र. विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा एक पुरस्कार जाहीर झाला. पहिल्या येणाऱ्याला परदेशातल्या प्रयोगशाळेत वर्षभर शिकायला मिळणार होतं, आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. माझा विषय साधा होता. शेतात नुसतं हाताचं हाड सापडलं, तर तो माणूस किती उंच होता हे कसं सांगायचं? पुस्तकातली सूत्रं परक्या मुलखातल्या माणसांवर बेतलेली. मला आपल्या माणसांची मापं हवी होती, कोपर ते मनगट आणि पूर्ण उंची. डॉक्टरांनी परवानगी दिली, नातेवाइकांना विचारायचं अवघड काम तुम्ही केलंत. मी वसतिगृहात, म्हणून टेप आणि वही तुमच्याच हातात दिली. रविवारी मी घरी, दिग्रसला आले की चहाच्याही आधी तुम्ही वही पुढे करायचात. "अक्षर लागते ना तुले?" एवढंच विचारायचात.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही न बोलावता नागपूरला आलात. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलात. मी तक्ते दाखवत होते, तेवढ्यात एका परीक्षकाने चष्मा कपाळावर सरकवला. "यवतमाळकडची माणसं एवढी उंच कधीपासून झाली?" सभागृह हसलं. उंची कुठून कुठपर्यंत घेतली, त्यांनी विचारलं. डोक्यापासून टाचेपर्यंत, मी म्हटलं. आकड्यांवरून तसं वाटत नाही, ते म्हणाले, कोणी मोजली? "चिरघरातल्या शिपायाने, सर. तो अडाणी आहे, त्याला समजलं नसेल." मी तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही उठून 'मी तिचा बाप' म्हणाला असतात तर मला धरणी पोटात घेती तर बरं असं झालं असतं. आणि म्हणाला नाहीत, याचाही मला राग आहे. पुरस्कार दुसऱ्याच कुणाला गेला.

परतीच्या बसमध्ये तुम्ही आपणहून सांगितलंत. माप घ्यायची तुम्हाला एकच रीत ठाऊक होती, कफनाची. घरचे लोक बाहेर सुन्न बसलेले असायचे, मग मांजरपाट किती आणायचं हे तुम्हीच मोजून सांगायचात, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. मेलेल्याचा पाय पुढे कलतो, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. त्यामुळे चार बोटं वजा करून चूक दुरुस्त करायचीही सोय नव्हती. "टाचेपर्यंत मोजलं तं कापड अपुरं पडते, पोरी. पाय उघडे राह्यतात. मले वाटलं, तुले बी तसंच पाह्यजे." मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "तुम्ही माझं वाटोळं केलं." तुम्ही म्हणालात, "हो, चुकलंच माह्यं."

पुढे घरीदारी, पाहुण्यांत, तुमच्या देखत मी हेच सांगत राहिले, की बाबांमुळे माझं परदेशी जाणं हुकलं. तुम्ही मान डोलवायचात. भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं. आता मी दुसऱ्यांच्या मुलांना हाडं शिकवते, आणि टेप टाचेला लावा म्हणून त्यांच्यावर गरज नसताना खेकसते.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून उरलेलं लिहून टाकते. त्या दिवाळीच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन मी चिरघराच्या दाराशी आले होते. तुम्ही पाठमोरे वाकला होतात आणि टेपचं टोक अंगठ्यावर धरलं होतं. मला तेव्हाच सगळं कळलं. स्पर्धेचा निबंध पाठवायला चार दिवस उरले होते. वहीतली माणसं केव्हाच जळाली होती, पुरली गेली होती. नव्याने मोजायचं तर स्पर्धाच सोडावी लागली असती. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि मागे फिरले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आत काहून नाई आली?" मी म्हटलं, वास येतो.