कात्री सुराबायाला गेली

प्रिय निंगरुम,

तुझे पत्र सोमवारी मिळाले. लग्नानंतर मकासारच्या सागरी संस्थेतली जागा सोडून, बासोला घेऊन कायमचे इथे जोगजाला माझ्याजवळ येऊन राहायचे तू ठरवले आहेस आणि महिनाअखेरीस राजीनामा देणार आहेस, हे वाचले. पत्रात एकही खाडाखोड नाही याचे समाधान वाटले. मात्र उत्तर देण्याआधी आपल्या कुंपणाची हकिगत तुला सांगणे आवश्यक आहे. फोनवर सांगितली असती. पण फोनवर आईने काहीही म्हटले तरी तू तत्काळ ‘हो, इबू’ म्हणतेस, आणि मला ते नको होते.

आपले कुंतीच्या झुडपांचे कुंपण फुलले आहे. तुरळक नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास असा वास सुटतो की रस्त्याने जाणारी माणसे सायकलचा वेग कमी करतात. सकाळी अंगणात पांढऱ्या पाकळ्यांचा सडा असतो. मी तो झाडत नाही. वाचून तुला खोटे वाटेल, म्हणून पुन्हा लिहिते: मी तो झाडत नाही.

ते कुंपण शेजारच्या बू हर्जोनोंनी लावले होते, तेव्हा तू बाराखडीच्या वयाची होतीस. त्यांना अंबाड्यात खोवायला ताजी फुले हवी असत. त्या गेल्या आणि त्यांचे यजमान पाक हर्जोनो एकटे राहिले. दर रविवारी ते कात्री घेऊन त्यांच्याकडची बाजू कापू लागले. रेल्वेत रूळ आखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या माणसाला पान वाकडे दिसलेले सोसत नसणार, असे मी धरून चालले. अशा शेजाऱ्यासमोर आपली बाजू अस्ताव्यस्त ठेवणे मला शोभले नसते. म्हणून दर गुरुवारी, दोरी ताणून, मी माझी बाजू कापत आले. निकाल उत्कृष्ट होता. विद्यापीठातल्या कोणत्याही प्रबंधाचा समास इतका सरळ मी पाहिलेला नाही. फूल मात्र एकही येत नसे, कारण कुंतीची कळी कोवळ्या शेंड्यावर धरते आणि शेंडा आम्ही दोघे मिळून आठवड्यातून दोनदा उडवत होतो. मला फुले आवडतात. पण पाक हर्जोनोंना कापलेले कुंपण प्रिय आहे, तर त्यांना कसे सांगावे? आपल्याकडे असले काही तोंडावर विचारतात का कुणी?

आणि ईदला तुझी एन्दाह आत्या आली. तुझ्या वडिलांची ही धाकटी बहीण, जन्म सगळा सुराबायात गेलेला. आवाज बंदरावरचा, जीभ त्याहून. नवरीच्या उटण्यासाठी कुंतीची पाने कुठली घ्यायची ते बघते म्हणून ती अंगणात गेली आणि तिथेच थांबली. त्या दिवशी रविवार होता. पलीकडून कात्रीचा आवाज येत होता. तिने माझे बसायचे स्टूल उचलले, कुंपणाला टेकवले आणि वर चढली.

“अहो पाक, हे कुंपण आहे की फौजेत भरती झालेल्या पोराचं डोकं?”

पाक हर्जोनोंनी कात्री छातीशी धरून नमस्कार केला. म्हणाले, “शेजारच्या बूंना सरळ आवडतं ना. मी आपला जमेल तसा प्रयत्न करतो.”

“कोण म्हणालं?”

“म्हणालं कुणी नाही. पण त्या दोरी लावतात.”

एन्दाहने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी ओट्यावर चहाचा कप हातात घेऊन उभी होते. “म्बाक,” वहिनीला ती अशीच हाक मारते, “तू का कापतेस गं?”

मी सांगितले. आता लपवण्यासारखे उरलेच काय होते?

ती त्या स्टुलावर इतकी हसली की ती पडू नये म्हणून मला धावत जाऊन तिचे पाय धरावे लागले. “तुम्ही जोगजाची माणसं ना, घराला आग लागली तरी आधी ‘आपली परवानगी असेल तर ओरडू का’ म्हणून विचाराल. ती बिचारी फुलांसाठी लावून गेली, आणि तुम्ही दोघं एकमेकांच्या भिडेपोटी त्या झाडांची हजामत करताय.”

 पाक हर्जोनोंनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, “तिच्या अंबाड्याचा वास मला अजून आठवतो, बू. मला वाटायचं, तुम्हाला पसारा चालणार नाही.” आणि मग तेही हसले. इतक्या वर्षांच्या शेजारात मला पहिल्यांदाच कळले की त्यांचा एक दात सोन्याचा आहे.

एन्दाह जाताना दोन्ही कात्र्या सुराबायाला घेऊन गेली. “पाकचा भरवसा आहे, तुझा नाही; तू त्यांचीही मागून आणशील,” असे म्हणाली. तिचे खरे आहे. एक फांदी आता माझ्या खिडकीला घासते आणि तिच्याकडे पाहताना माझी बोटे आपोआप हलतात. पण बुलबुल त्या फांदीवर बसतो, आणि काल पाक हर्जोनोंनी ओंजळभर फुले बशीत ठेवून कुंपणावरून दिली. बशी मी धुऊन, वर तळलेले केळे ठेवून परत केली. तुझ्या उटण्याला पाने भरपूर आहेत. बेसार या जावानी महिन्यात, तुझ्या लग्नाच्या आठवड्यात, पुन्हा बहर येईल असा माझा अंदाज आहे, आणि माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

आता तुमच्या खोलीविषयी. तू फोनवर पहिल्यांदा विषय काढलास तेव्हाच मागची खोली मी तुम्हा दोघांसाठी रंगवून घेतली. तिथल्या खिडकीशी असलेले माझे लिहायचे टेबल सुताराने बोळात हलवले. तिथे उजेड डाव्या बाजूने येत नाही, पण सवय होईल. सकाळी मी त्या खोलीत बिनसाखरेचा चहा घेऊन बसत असे. दोन तास घरात कोणी शब्द बोलत नसे. माझ्या दिवसाचा तो सर्वांत देखणा भाग होता. बासोविषयी पहिल्या भेटीत माझे मत प्रतिकूल होते: हसतो फार मोठ्याने आणि भाताआधी तिखट संपवतो. पण निघताना त्याने माझी पुस्तके जशी होती त्याच क्रमाने परत लावली. असा जावई मिळत नाही. मात्र एक गोष्ट मी पाहिली. इथे असताना तो दर थोड्या वेळाने दक्षिणेकडे बघायचा. शेवटी विचारलेच, तर म्हणाला, “इबू, इथून समुद्र दिसत नाही का?”

सोमवारी तुझे पत्र हातात धरून मी ओट्यावर उभी होते, समोर फुललेले कुंपण होते, आणि माझ्या मनात आले की एन्दाह इथे असती तर स्टूल शोधू लागली असती. म्हणून हे पत्र. तू माझ्या एकटेपणासाठी मकासार सोडते आहेस काय? कारण मी खोली रंगवली ती, तुला घरी यायचे आहे असे समजून. मी एकटी राहते, निंगरुम, पण मला एकटेपणा नाही. मला माझा चहा आवडतो. मला माझे टेबल त्या खिडकीशी हवे आहे. तुला खरोखरच इथे यायचे असेल तर खोली तुमची आहे आणि टेबलाबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. पण तसे नसेल, तर राजीनामा देऊ नकोस. काय ते सुराबायाच्या पद्धतीने लिही, दोन ओळींत, नम्रतेचा एकही शब्द न घालता. सोबत फुले पाठवत नाही. पोचेपर्यंत काळवंडतील आणि डाग पडलेले पाकीट मला चालत नाही. ती पाहायला लग्नाला ये, केसांत माळ, मनसोक्त वास घे, आणि मग, तुझ्या मनात तेच असेल तर, परत जा.

तुझीच,
खिडकीजवळ टेबल परत मागणारी
इबू