नाव घातलेली भांडी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
गुरुवार, १० एप्रिल २०२५

चि. संगमेश्वर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचे गुडघे, माझी शुगर आणि गोलाई बाजारातला भांड्यांचा धंदा, तिन्ही आपापल्या जागी आहेत. तुझा धाकटा भाऊ सोमेश हल्ली वेळेवर दुकान उघडतो. ऊन मात्र असं पडलंय की दुपारी बाहेर मांडलेल्या पितळेला हात लावता येत नाही.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू दोन वाक्यं बोलतोस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवतोस. पत्राला मीटिंग नसते. शिवाय फोनवर तुझी आई मध्येच रडायला लागते आणि मूळ विषय राहून जातो.

मागच्या महिन्यात तू एकच विनंती केलीस. शरणप्पांना सांगा, लग्न जूनपर्यंत पुढे ढकला. जूनच्या यादीत माझं नाव येईल, कंपनी मला कायम करून घेईल, मग ताठ मानेने बोहल्यावर चढतो. अंबिकाशी साखरपुडा झालेलाच आहे, दोन महिन्यांनी काय बिघडतं, असंही म्हणालास. त्याचंच उत्तर लिहितो आहे. दमाने वाच.

तुला हैदराबादला चार वर्षं झाली. काम त्या मोठ्या कंपनीचं, पगार ठेकेदाराचा. साखरपुड्यात मी भर मांडवात कंपनीचं नाव घेतलं, ठेकेदाराचं घेतलं नाही. तूही मला अडवलं नाहीस.

फेब्रुवारीत शरणप्पा न सांगता तुझं ऑफिस बघायला आले, हे तू माझ्यापासून लपवलंस. मला त्यांच्याकडून कळलं. मुलीचा बाप आहे, बघणारच. काचेच्या दारातल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये दोनदा शोधलं आणि या नावाचं इथे कोणी नाही म्हणाली. मग वॉचमनने विचारलं, ओळखपत्राचा पट्टा कुठल्या रंगाचा? पिवळा असेल तर मागच्या गेटला जा. माझा होणारा व्याही भर दुपारी सगळ्या इमारतीला वळसा घालून कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहिला. मग तू आलास, गळ्यात पिवळा पट्टा घालून. पिवळ्या पट्टेवाल्यांना कॅन्टीनमध्ये पाहुणा नेता येत नाही, म्हणून त्यांना टपरीवर चहा पाजलास.

शरणप्पा सभ्य माणूस. मला एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं हाय हो. पण त्याचं नाव कुठंच न्हाई."

संगू, मला उभ्या आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती.

तू त्यांना म्हणालास म्हणे की कायम नसलो तरी काम मला मनापासून आवडतं. आवडायला काय, मला दुपारी झोपायला आवडतं. दिवाळीत तू व्हिडिओ पाठवलास. सगळे टाळ्या वाजवतायत, साहेब तुला महिन्याचा तारा म्हणतोय, तुझ्या हातात प्रमाणपत्र आणि चॉकलेटचा डबा. तुझ्या आईने तो गल्लीभर दाखवला. मीही पाहिला, आणि तुझा साहेब मला फार ओळखीचा वाटला. तो माझ्याच दुकानात शिकलेला दिसतो.

आपला शेषेराव बघ. तू लहान होतास तेव्हापासून भांड्यांवर नावं घालतोय. याच्यासारखं अक्षर लातुरात नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर म्हणतो. तो लाजतो आणि जेवण बाजूला ठेवून पुढचं भांडं ओढतो. पगाराचं काढलं की मी म्हणतो, दिवाळीनंतर बघू. स्तुतीला खर्च येत नाही आणि दिवाळी दरवर्षी येते. हा धंदा आहे, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण शेषेराव चौथी शिकलेला. तू इंजिनिअर. घरात ही युक्ती बघत मोठा झालास आणि तिकडे जाऊन तीच गिळलीस. ज्या दोन पोरांना तू काम शिकवलंस त्यांना कायमवाल्यांचे निळे पट्टे मिळाले, हेही मला हसत हसत सांगितलंस. तुला वाईट वाटलं असतं तर मला समजलं असतं. तुझ्या हसण्याचा मला राग येतो.

तुझी आई मघापासून दारात उभी आहे. म्हणते, "लिवा की सरळ." लिहितो.

पाडव्यानंतर शरणप्पा अंबिकाला घेऊन दुकानात आले होते. तुझी विनंती मी त्यांच्या कानावर घातली. त्यांची थांबायची तयारी होती, हे मी लपवत नाही. अंबिका तर बापाच्या आधीच बोलली, "मी थांबते. जूनमधी न्हाई झालं तरी चालंल मला." शरणप्पांनी मान हलवली. विषय तिथेच मिटत होता.

मी मिटू दिला नाही. माझ्या घरच्या लग्नाने कुणाच्या तरी यादीकडे डोळे लावून बसायचं, हे मला सहन होईना. शिवाय त्या घराशी सोयरीक झाली की उदगीरकडच्या त्यांच्या गोतावळ्यातल्या निम्म्या लग्नांची भांडी आपल्याकडून जातील, हेही मनात होतं, खोटं कशाला बोलू. मी अंबिकाला आत तुझ्या आईकडे पाठवलं आणि शरणप्पांपुढे दुसरा मार्ग ठेवला. दोन दिवसांनी त्यांचा होकार आला. अंबिकाला परत विचारलं की नाही ते मला ठाऊक नाही. तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही, पण भाकरी करते.

लग्न ठरल्याप्रमाणे अक्षय तृतीयेलाच आहे.

साखरपुड्यानंतर मी लग्नाची भांडी काढून ठेवली होती, घागर, परात, पातेली, सगळी अस्सल पितळेची. तुमच्या दोघांची नावं शेषेरावने मन लावून घातली होती. आपल्या धंद्यात नाव घातलेलं भांडं कुणी परत घेत नाही, आणि वितळवायला द्यायचं माझ्या जिवावर आलं. काल दिवसभर शेषेराव पॉलिशच्या चाकावर बसून तुझं नाव घासत होता. त्या जागी सोमेशचं घातलं. अंबिकाचं बदलायची गरज पडली नाही. उजेडात धरलं तर सोमेशच्या खाली तू अजून पुसट दिसतोस, पण स्वयंपाकघरात भांडी कोण उजेडात धरतंय.

सोमेश आधी नको म्हणाला, रडलासुद्धा. पण तो माझं ऐकतो.

संध्याकाळी चाक बंद करताना शेषेरावने विचारलं, "मालक, संगूभैयाला कळवलंत का न्हाई?" तेव्हा लक्षात आलं की तुला कळवायचं राहिलंय. म्हणून आज लिहायला बसलो.

अंबिकाला फोन करू नकोस. ती आता तुझी भावजय होणार. लग्नाला मात्र ये, थोरला भाऊ मांडवात दिसला नाही तर लोक चार गोष्टी बोलतात. गैरहजेरीचा तुझा पगार कापतील, तो मी भरून देईन. आणि जूनमध्ये यादीत नाव आलं तर जरूर कळव, पेढे वाटू.

तब्येतीला जप.

तुझा बाप,
गुरुलिंग

ता. क. मांडवात येताना गळ्यातला तो पट्टा काढून ये. पाहुण्यांना मी अजून कंपनीचंच नाव सांगतो.