उगादीपर्यंतचं उत्तर

अण्णा, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी मला पंधरा दिवस खुर्चीत बसायला सांगितलंय आणि आज जेमतेम चौथा दिवस आहे. सकाळपासून तीनदा उठलो. एकदा गेटपर्यंत जाऊन आलो, एकदा टाकीत पाणी आलंय का ते उगाचच बघितलं, तिसऱ्यांदा कशाला उठलो होतो ते दारापाशी गेल्यावर विसरलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, याच्या पायाला भिंगरी आहे, याला खुर्ची चावते. तुमची धाकटी, सत्तरी ओलांडलेली माझी बहीण, स्वयंपाकघरातून ओरडते, "दादा, बस रे स्वल्प! पाय तुझा आहे की बसचं चाक?" आता बसायचंच आहे, तर तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकतो. ती तुम्ही असताना सांगायला हवी होती. पन्नासाहून जास्त वर्षं मी तिच्याभोवती नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे.

तुम्ही एकतीस वर्षं के. आर. पुरमला रेल्वेच्या माल कचेरीत एकाच खुर्चीवर बसलात. खिडकीसमोरून गाड्या मद्रासकडे जात, कुठून कुठून येत, आणि तुम्ही पावत्यांवरून मान वर करत नव्हतात. रेल्वेचे फुकट पास दर वर्षी मिळत आणि दर वर्षी वाया जात. तिरुपतीला एकदा गेलो, तेवढंच. मला ते बघवत नसे. चौदा वर्षांचा असताना मी कुणाला न सांगता सायकलवर आनेकलला गेलो आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आलो. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही बसवनगुडीतल्या आपल्या घराच्या पायरीवर बसला होतात. म्हणालात, "गेलास ते गेलास. सांगून का गेला नाहीस?" मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." त्यावर तुम्ही माझ्याकडे नवलानं पाहिलंत. "मी कधी कुणाला नाही म्हटलंय?"

ते खरंच होतं. आपल्या घरात नाही म्हणायची रीतच नव्हती. शाळेची सहल शिवनसमुद्रला निघाली होती. तुम्ही पाटावर बसून सारूभात जेवत होतात आणि मी समोर उभा राहून विचारत होतो, जाऊ का, अण्णा, जाऊ का? तुम्ही ताक मागितलंत. मी पुन्हा विचारलं, तुम्ही मिठाकडे बोट दाखवलंत. शेवटी चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "ऊठ आता तिथनं. उत्तर आलं नाही म्हणजे उत्तर झालं." आत्याला आलेल्या दोन स्थळांना आपण असंच कळवलं होतं, म्हणजे काहीच कळवलं नव्हतं, आणि तेही समजले होते. समोरच्याचा अपमान होत नाही, आपलीही जीभ विटाळत नाही. मला या रीतीचा भारी राग यायचा. पुढे तिचा उपयोग माझ्याइतका कुणी केला नाही, ही गोष्ट वेगळी.

मग माझ्या कारखान्यानं मला वर्षभराच्या ट्रेनिंगला अमेरिकेला पाठवलं. साठ सालानंतरची गोष्ट. दर रविवारी तुमचं पत्र निघे, दर रविवारी माझं. तुम्ही लिहायचात, जेवणाची आबाळ करू नकोस. मी लिहायचो, इथे तांदूळ मिळतो. ट्रेनिंग संपलं आणि परतायला महिना उरला. बाकीचे बहुतेक न्यूयॉर्क बघायला निघाले आणि माझ्या डोक्यात वाळवंट शिरलं. तिथं शेकडो मैल नुसती वाळू आणि तांबडे डोंगर आहेत, सरकारनं ती सगळी रानं राखून ठेवली आहेत, आणि कुणीही तंबू घेऊन तिथं राहू शकतो, हे ऐकल्यापासून माझी झोपच उडाली होती. एकट्यानं जायचं, गाडीनं. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही पुढच्या पत्रात हवापाण्याबद्दल लिहिलं असतंत आणि मी समजलो असतो. म्हणून मी एक युक्ती केली. चार रविवारची चार पत्रं आधीच लिहिली, पुढच्या तारखा घातल्या आणि खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या तंजावरच्या मुलाकडे दिली. दर सोमवारी एक टाक म्हटलं. तो हसला. "वडिलांनी काही विचारलं तर?" मी म्हटलं, "माझे वडील विचारत नाहीत."

एका साहेबाची जुनी गाडी मागून घेतली. तंबू आपल्याच एका माणसानं दिला. शंभर मैलांवरच्या गावात शिकत होता. घर आपल्याच शहरात, मल्लेश्वरमला, मराठी आपल्यासारखीच, अर्धी कन्नडमध्ये भिजलेली. गणपतीत त्याची माझी ओळख झाली होती. वाळूत खुंट्या धरत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधा, हे त्यानं मला अंगणात तंबू उभा करून दाखवलं. चटणीपुडीची बाटली बरोबर दिली. गाडीच्या तोंडाशी अडकवायची कॅनव्हासची पाण्याची पिशवी त्याचीच. असा माणूस.

त्या चार आठवड्यांबद्दल काय सांगू? तुम्हाला ते आवडलं नसतं आणि मला अजून तसं दुसरं काही आवडलेलं नाही. मैलोगणती मिठाची जमीन, पायाखाली पापडासारखी मोडणारी. सकाळी उठायचं, स्टोव्हवर भात टाकायचा, खाऊन तंबू गुंडाळायचा आणि पुढे. एका जागी दोन दिवस राहायचं ठरवून मी कधीच राहिलो नाही. पुढच्या डोंगराच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे, आणि मागे दुसरा डोंगर असे. दऱ्यांमध्ये उतरायच्या आधी वनरक्षकाच्या चौकीत वहीत लिहावं लागे: कुठे जाणार, कधी परतणार, बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. मी तुमचं नाव आणि बसवनगुडीचा पत्ता लिहिला. वनरक्षकानं वही फिरवून घेतली, बघितलं आणि विचारलं, "इतक्या लांब? मग त्यांना माहीत असेल ना तुम्ही इथं आहात?" मी हो म्हटलं. एका परक्या माणसाला मी सगळं सांगून जात होतो, अण्णा, आणि तुमच्या हातात त्याच सुमाराला माझं तांदळाचं पत्र पडत होतं.

परत आलो तर टेबलावर तुमची तीन पत्रं होती. पहिल्यात लिहिलं होतं की धाकटीला एक स्थळ आलंय, मुलगा तिकडेच तुझ्या जवळ आहे, मल्लेश्वरमचा. म्हणजे तोच, तंबूवाला. त्याच्याकडे जाऊन दोन दिवस राहा, वागणं-बोलणं बघ, मग लिही. ती मंडळी उगादीच्या पाडव्यापर्यंत थांबणार आहेत, तुझा शब्द आला की मी हो म्हणतो. दुसऱ्यात: तुझं पत्र मिळालं, त्या गोष्टीबद्दल काही लिहिलं नाहीस, बघ. तिसरं चारच ओळींचं होतं. पुन्हा पत्र मिळालं. समजलो. त्यांना कळवलं. वेळेत सुचवलंस ते बरं केलंस.

तुम्ही मला बरोबर वाचलं होतंत. आपल्या घरातला कुणीही तसंच वाचेल. मी एक तार केली असती की माझी पत्रं खोटी होती, मुलगा लाखात एक आहे, तर कदाचित सगळं सावरलं असतं. तारघरापर्यंत गेलो, मजकूरही लिहिला. पण मग पत्रं खोटी का, तू होतास कुठे, हे आलंच. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? मी मूग गिळून परत फिरलो. तुमच्या नजरेत चांगला राहावं म्हणून मी तिचं स्थळ घालवलं, हे इतक्या सरळ मी आजवर कधी मनातही म्हटलं नव्हतं.

तंबू परत द्यायला गेलो तोवर त्याला घरून पत्र आलं होतं. त्यानं दोऱ्या मोजून घेतल्या, तंबू कोपऱ्यात ठेवला. म्हणाला, "तुम्हांला माझ्यात काही दिसलं असेल. सरी, असू दे. मी विचारत नाही. कॉफी घ्या स्वल्प." मी ती कॉफी प्यालो. "तसं काही नाही हो," एवढं तरी म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही.

मी आलो तेव्हा तुम्ही सिटी स्टेशनवर होतात. जटक्यात बसल्यावर घोड्याच्या टापांमध्ये तुम्ही म्हणालात, "मला वाटायचं तुला धीर नाही, भडाभडा बोलतोस. पण त्या वेळी नीट गप्प राहिलास. आपल्या घरातला शोभलास." तुम्ही मला आयुष्यात शाबासकी दिलीत ती ही एवढीच. त्या दिवशी पानं वाढताना धाकटीनं हळूच विचारलं, "दादा, कसा होता रे तो?" मी म्हटलं, "बरा होता." तिनं आणखी भात वाढला. पुढे तीन-चार स्थळं आली, जमली नाहीत. मग तुम्ही गेलात. ती शाळेत शिकवायला लागली आणि तेच तिचं आयुष्य झालं. ती सुखी आहे म्हणते. मी तिला दर वेळी विचारतो आणि दर वेळी तिच्या आवाजात काहीतरी शोधत राहतो, ही माझी शिक्षा.

आत्ता तिनं दारातून विचारलं, कुणाला लिहितोस इतकं? मी म्हटलं, जुन्या ऑफिसला. हे पत्र द्यायचंच झालं तर ते तुम्हाला नव्हे, तिला द्यायला हवं, आणि ते माझ्या हातून होणार नाही. पुन्हा एकदा गेटपर्यंत जाऊन आलो.

अण्णा, वर एक वाक्य खोटं आहे. टेबलावर तुमची तीन पत्रं नव्हती, दोन होती. पहिलं मी निघालो त्या सकाळीच आलं. गाडीत सामान भरलेलं होतं. मी ते पायरीवर उभ्यानं वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. तंबू घ्यायला त्याच्याकडे गेलो तेव्हा ते खिशातच होतं, आणि तो म्हणत होता, आज राहा की हो, उद्या जा, मी हुळी-भात करतो. तुम्ही दोन दिवस मागितले होते. मला अंधार पडायच्या आत पुढचा घाट गाठायचा होता. उगादीच्या आत परत येईन आणि तार करीन, असं स्वतःला सांगितलं. उगादी कधी आहे ते तुम्ही तारखेसकट लिहिलं होतंत. त्या दिवशी मी एका दरीच्या तळाशी नदीत पाय सोडून बसलो होतो. तारीख मला पाठ होती. आणि खरं सांगतो, अण्णा, मी फार आनंदात होतो.