पल्लवीचं नाव

२६ ऑक्टो., रवि.
संध्याकाळी सांगलीहून वन्संचा फोन. ह्यांच्या थोरल्या बहिणीचा असा थंड आवाज कधी ऐकला नव्हता.
"माझी पल्लवी सासर सोडून आलीय, हे फकस्त तुला सांगितलं हुतं, सुनीता."
आज तिथल्या चर्चच्या दारात एका बाईनं पोरीचा हात धरला म्हणे. "साताऱ्यात प्रार्थना चाललीय हं तुझ्यासाठी." पल्लवी आत न जाताच घरी आली.
मी म्हटलं, आमच्या चर्चच्या महिला मंडळात फक्त प्रार्थनेसाठी...
"देवाला सांगायला बारा बायका कशाला लागत्यात गं?"
फोन ठेवला.

२८, मंगळ.
महिला मंडळ. कुसुमबाईंनी विनंत्यांची वही उघडली. "पल्लवीचं पुढं काय?" वाईट मनानं नाही विचारलं. नाव मीच लिहून दिलेलं, आडनावासकट. त्या दिवशी रडले, सगळ्या जवळ सरकल्या, पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं होतं. पल्लवीचं दुःख, आणि हात माझ्या पाठीवर.
"नाव खोडा."
"अगं, प्रार्थनेतनं कुणाला काढत्यात व्हय?"
पेन घेऊन मीच खोडलं.

३०, गुरु.
वन्सं फोन उचलत नाहीत. हे म्हणतात, "ताईचा राग हाय, चार दिवसांचा." पण पल्लवी?
गुडघ्यावर बसते, तिचं नाव तोंडात येतं आणि लाज वाटते. प्रभो, तुझ्याशी बोलायचीही...

२ नोव्हें., रवि.
प्रभुभोजन. भाकरीचं ताट माझ्यापुढं आलं. आधी पल्लवीची माफी, म्हणून न घेता मी तसंच शेजारणीकडे दिलं. ह्यांनी पाहिलं. चर्चमधून सरळ स्टँडवर, सांगलीची एसटी.

३, सोम.
काल वन्संनी दार उघडलं. "आलीस? मंडळ न्हाई आणलंस संगं?"
"माफी मागायला आले."
"माझी नको. तिची माग."
पल्लवीच्या खोलीला आतून कडी. दाराशी उभी राहून म्हटलं, "पल्लवी, मामी आलेय. चुकलं माझं. तुझं होतं ते, मी वाटून टाकलं." कडी निघाली नाही.
वन्संनी मेथीची जुडी पुढ्यात टाकली. दोघी निवडत बसलो.
आमच्यात प्रार्थना केल्याशिवाय पाहुणा निघत नाही. मी तशीच पिशवी उचलली.
"कर की," वन्सं म्हणाल्या. "पण मोठ्यानं न्हाई."
उभ्या उभ्याच दोघींनी डोळे मिटले. बराच वेळ. मागं पल्लवीच्या दाराची कडी वाजली.
आम्ही दोघींनी डोळे उघडले नाहीत.